आहारविकृती आणि व्यक्तिमत्त्वविकृती : एका दुहेरी व्याधीची ओळख



भुकेचा प्रश्न म्हटला की दुष्काळ, धान्यटंचाई आणि कुपोषण यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु समोरचे भरले ताट मनानेच नाकारावे, किंवा अनावरपणे खाऊन ते ओकून टाकावे, अशाही व्याधी आहेत. पहिलीस 'ॲनोरेक्सिया नर्व्होझा' हे नाव इंग्लंडमधील डॉ. विल्यम गल यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिले. दुसरीचे, म्हणजे 'बुलिमिया नर्व्होझा'चे, वर्णन डॉ. जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. उपवासाला पारण्याचा दिवस ठरलेला असतो. या उपासमारीला पारणे नसते.

अशा अनेक रुग्णांत व्यक्तिमत्त्वविकृतीही आढळते. आहार अतिशय कमी करणाऱ्यांत पराकोटीचा काटेकोरपणा, परिपूर्णतेचा हव्यास व ताठरपणा दिसू शकतो. खाऊन ओकणाऱ्यांपैकी काहींत भावनांचा तीव्र क्षोभ, एकटे पडण्याची भीती आणि स्वतःस इजा करून घेण्याची प्रवृत्ती असते. अर्थात, प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत असे घडतेच असे नाही.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक ठरते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे २४ आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांचे निरीक्षण केले. ते तरुण खिन्न, चिडखोर आणि एकलकोंडे बनले; अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांना सुचेना. भूक ही स्वभावही पालटते, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच कृश झालेल्या रुग्णाच्या स्वभावावर घाईने शिक्का मारणे अन्यायाचे होय. आजारापूर्वी, किशोरवयापासून तो कसा वागत होता, याची चौकशी आधी व्हावयास हवी.

उपचारांत प्रथम शरीर सावरावे लागते. वारंवार ओकल्याने रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातल्यास फॉस्फरसचे प्रमाण धोकादायकरीत्या खालावते. तेव्हा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा. त्याबरोबरच मानसोपचार चालू ठेवावे लागतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी भावना आवरण्याची कौशल्ये शिकविणारी उपचारपद्धती विकसित केली. मुळात आत्मघाताकडे झुकणाऱ्या रुग्णांसाठी असलेली ही पद्धती पुढे अनावर खाण्याच्या विकारातही उपयोगात आली. एकाच व्याधीवर लक्ष देऊन दुसरीकडे पाठ फिरविल्यास सुधारणा टिकणे कठीण होते.

घरच्या माणसांचा वाटाही मोलाचा आहे. 'नखरे', 'हट्ट', 'स्वभावच तसा' असे शब्द रुग्णाला अधिकच एकटे पाडतात. जेवणाच्या वेळी वाद टाळावा, वजनावरून थट्टा करू नये. झपाट्याने घटणारे वजन, मुलींमध्ये बंद पडलेली मासिक पाळी, जेवणानंतर नेमाने न्हाणीघरात जाणे, ही लक्षणे दिसताच वैद्यकीय सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन उपलब्ध आहे. वेळीच ओळख पटली आणि दोन्ही व्याधींवर एकत्रित उपचार झाले, तर रुग्ण पुन्हा सर्वांच्या पंक्तीला बसू शकतो.