लाल, पांढरी आणि पिवळी



व्हीसीआरच्या मागच्या बाजूला लाल, पांढरी आणि पिवळी अशी गोल भोकं तुम्ही पाहिली असतील. नव्या टीव्हींवर ती हळूहळू दिसेनाशी होत आहेत. एचडीएमआयने त्यांची जागा घेतली. पण घरात लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेट असतील, तर त्यांतली माणसं पुन्हा पडद्यावर यायची वाट या भोकांतूनच आहे.

ही आरसीए जोडणी. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने १९३०च्या दशकात ती काढली, ती ग्रामोफोनचा आवाज रेडिओतून ऐकता यावा म्हणून. पुढे टेप, अ‍ॅम्प्लिफायर, व्हीसीआर साऱ्यांनी ती उचलली.

पिवळ्या तारेतून चित्र जातं, पांढरीतून डावा आवाज, लालमधून उजवा. लाल-पांढरीची अदलाबदल झाली तर फक्त डावं-उजवं बदलतं. पिवळी चुकली तर मात्र चित्र येत नाही. पुष्कळ जुन्या व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असतं, कारण त्यांचा आवाज मोनो असतो. तिथे पांढरी लावा.

ही पिन एकदा हातात घेऊन पाहा. मधली दांडी बाहेरच्या कड्यापेक्षा पुढे आलेली असते. त्यामुळे पिन खोचताना दांडी आधी टेकते आणि अर्थिंगचं कडं नंतर. तेवढ्या क्षणात स्पीकर मोठ्याने गुरगुरतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच पिन लावावी किंवा काढावी. काढताना तार ओढू नये, पिनचं बूड धरावं.

रेकॉर्ड प्लेअरचं थोडं वेगळं आहे. त्याच्या सुईतून येणारा विद्युतसंदेश अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि तार स्वर जास्त ठेवलेले असतात. ऐकताना ते पुन्हा समतोल करावे लागतात. हे काम अ‍ॅम्प्लिफायरवरचं ‘फोनो’ लिहिलेलं भोक करतं. साध्या ‘लाइन’ किंवा ‘ऑक्स’मध्ये तीच पिन लावली, तर आवाज बारीक आणि किरटा येतो. प्लेअर बिघडला असं समजून लोक तो भंगारात देतात, आणि दोष असतो फक्त भोक चुकल्याचा. उलट टेप किंवा सीडी प्लेअर ‘फोनो’मध्ये लावला, तर आवाज फाटतो.

जुन्या हँडीकॅमची तार तर जपूनच ठेवा. तिच्या एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची, चार भागांची पिन असते आणि वेगवेगळ्या कंपन्यांनी त्या भागांचा क्रम आपापल्या सोयीने लावला आहे. दुसऱ्या कॅमेऱ्याची तार बसते, पण चित्र येईलच असं नाही.

आता मुद्द्याचं. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी; तिनेही २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं कमी होत चालली आहेत आणि दमट हवेत फितीला बुरशी लागते. तीन तासांची कॅसेट संगणकावर उतरवायला पूर्ण तीन तास लागतात, घाई करता येत नाही. त्यासाठी व्हीसीआर, संगणकाच्या यूएसबीला जोडायची कॅप्चरची डबी आणि ही तीनरंगी तार एवढं पुरतं.

तेव्हा श्रोतेहो, ती तार भंगारात टाकू नका. फितीवर बुरशी दिसली तर ती यंत्रात न घालता आधी जाणकाराला दाखवा. पण ज्या कॅसेट धड आहेत, त्यांतली सर्वांत जुनी या महिन्यातच उतरवून घ्या.