न सांगितलेली गरज

कोणतेही मोठे काम हाती घेतले, की दोन पक्ष समोरासमोर येतात. एकाला काय हवे ते ठाऊक असते, पण ते कसे घडवावयाचे हे ठाऊक नसते. दुसऱ्याला घडविण्याची विद्या अवगत असते, पण पहिल्याच्या नित्य व्यवहाराची ओळख नसते. या दोहोंच्या मध्ये उभे राहून गरजा समजावून घेणारा, त्या नेमक्या शब्दांत मांडणारा आणि काम पुरे होईपर्यंत त्यांचा हिशेब ठेवणारा जो मनुष्य, त्याला आज बिझिनेस ॲनॅलिस्ट, म्हणजेच व्यवहार-विश्लेषक, असे म्हणतात. वरवर पाहता त्याचे काम लेखनिकाचे वाटते. ते किती जोखमीचे आहे, हे लंडन शहरातील एका घटनेवरून ध्यानात येते.

अपघात झाला किंवा दुखणे बळावले, की ९९९ या क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा, ही लंडनची पद्धत १९३७ पासूनची आहे. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील रुग्णवाहिका सेवेकडे सुमारे ६०० चौरस मैलांचा मुलूख आणि ६८ लाखांची वस्ती होती. दररोज २,००० ते २,५०० दूरध्वनी येत. त्यांपैकी १,३०० ते १,६०० तातडीचे असत.

हा सारा व्यवहार कागदावर चाले. दूरध्वनी घेणारा सेवक छापील कागदावर हकिकत लिहून घेई, नकाशाच्या पुस्तकात ठिकाण शोधी आणि तो कागद सरकत्या पट्ट्यावर ठेवी. पट्ट्याच्या टोकाशी बसलेला दुसरा सेवक कागद पाहून तो कोणत्या विभागाकडे द्यावयाचा ते ठरवी. एकाच अपघाताची खबर तिघांनी दिली असेल, तर तेही त्याच्याच नजरेस येई. पुढे विभागाचा माणूस जवळची मोकळी गाडी निवडी, आणि निरोप दूरध्वनीने किंवा बिनतारी यंत्राने गाडीपर्यंत जाई. दूरध्वनी आल्यापासून तीन मिनिटांच्या आत गाडी कामाला लागावी, असा दंडक होता. हाताने चालणाऱ्या या पद्धतीला तो पाळणे जड जाई. म्हणून संगणक आणण्याचा विचार झाला, आणि तो विचार रास्तच होता.

आधीचा एक प्रयत्न १९९० साली सोडून द्यावा लागला होता. नव्या प्रयत्नाला ८ जानेवारी १९९२ ही मुदत घालण्यात आली. मागणीपत्रक मोठे तपशीलवार तयार झाले, यंत्राने काय काय करावे ते त्यात बारकाईने सांगितले होते. मात्र ते तयार करताना गाडीवर काम करणाऱ्या माणसांचा सहभाग अगदी थोडा होता. मुदत आधी ठरली आणि काम तिच्यात बसवावे लागले. तीही मुदत टळली. अखेर २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संपूर्ण लंडनचा कारभार नव्या यंत्रणेवर सोपविण्यात आला.

प्रत्येक गाडी कोठे आहे आणि मोकळी आहे की गुंतलेली, हे संगणकाला सदैव अचूक कळेल, असे या यंत्रणेने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात काही जागी बिनतारी संदेश पोचत नव्हते. जखमी माणसाला उचलण्याच्या घाईत गाडीवरचे सेवक कळ दाबावयास विसरत, किंवा एकीच्या जागी दुसरी दाबत. ठरलेल्या गाडीऐवजी शेजारची गाडी घेऊन कोणी निघून जाई. कागदाच्या काळातही हे होतच असे, पण तेव्हा मनुष्य एक प्रश्न विचारून चूक सावरून घेई. यंत्र चुकीच्या माहितीवरच पुढचा निर्णय घेऊ लागले. दूरची गाडी धाडली जाई, तर कोठे एकाच ठिकाणी दोन गाड्या पोचत. सूचनांची यादी इतकी लांबली, की जुन्या सूचना पडद्यावरून वर सरकून दिसेनाशा झाल्या. ताटकळलेले नातेवाईक पुन्हा पुन्हा दूरध्वनी करू लागले. एकाच प्रसंगाच्या सगळ्या खबरा यंत्राला ओळखता आल्या नाहीत, आणि गर्दीत अधिकच भर पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धे काम पुन्हा माणसांच्या हाती द्यावे लागले. पुढे ४ नोव्हेंबरच्या पहाटे यंत्रणा मंदावत मंदावत पुरती थांबली. तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या एका लहानशा फेरफारात राहून गेलेली चूक त्याच्या मुळाशी होती.

फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. अशक्य वेळापत्रक, अपुरी तपासणी, अपुरे शिक्षण आणि वरिष्ठ व सेवक यांच्यातील अविश्वास, असे अनेक दोष त्यात नोंदलेले आहेत. त्या साऱ्यांतून एक गोष्ट निघते. अपुऱ्या माहितीवर काम तडीस नेणे, हीच त्या कक्षातील माणसांची खरी विद्या होती, आणि मागणीपत्रकात तिला पुरेशी जागा मिळाली नव्हती. जे काम मनुष्य रोज करतो, ते त्याच्या अंगवळणी पडलेले असते. 'तुमच्या गरजा सांगा' असे म्हटल्यास तो नव्या अपेक्षा सांगेल, पण सवयीने होणारी गोष्ट त्याच्या ओठांवर येणार नाही.

म्हणून विश्लेषकाने लेखणी उचलण्यापूर्वी कामाच्या जागी जाऊन बसावे. कोणाकोणाला विचारावयाचे याची यादी प्रथम करावी, आणि तीत साहेबांबरोबर गाडीच्या चालकाचेही नाव असावे. गरज अशा शब्दांत लिहावी, की ती पुरी झाली की नाही हे ताडून पाहता येईल. 'काम जलद व्हावे' याला माप नाही, 'तीन मिनिटांच्या आत निरोप गाडीला मिळावा' याला आहे. प्रत्येक गरजेपुढे आणखी एक प्रश्न मांडावा : माहिती चुकीची आली तर काय करावयाचे? लिहिलेले पत्रक ज्यांच्यासाठी आहे त्यांना त्यांच्याच भाषेत वाचून दाखवावे, कारण न समजता दिलेल्या संमतीला काही मोल नसते. पुढे जो फेरबदल होईल तो कोणी मागितला, का मागितला आणि त्याने आणखी कशाकशाला धक्का लागतो, याची नोंद ठेवावी. मुदत आणि गरजा यांचा मेळ बसत नसेल, तर ते वरिष्ठांना वेळीच आणि स्पष्ट सांगावे. हे शेवटचे कर्तव्य सर्वांत अवघड असते.

लंडनच्या सेवेने पुढे हाच मार्ग धरला. काम बाहेर न सोपविता घरच्या घरी, बेताबेताने केले. नमुने तयार करून ते सेवकांपुढे ठेवले, त्यांच्या सूचनांप्रमाणे सुधारले आणि १९९६ साली नवी यंत्रणा चालू केली. ती टिकली. शहर तेच होते आणि घाईही तीच होती. या वेळी मात्र दूरध्वनी घेणारी आणि गाडी हाकणारी माणसे आरंभापासून विचारात घेतली गेली होती.