किरकुकचा सोमवार



उत्तर इराकमधल्या किरकुक शहराजवळ बाबा गुरगुर नावाची जागा आहे. तिथं जमिनीतून वायू झिरपतो आणि ज्वाळा पिढ्यान्‌पिढ्या पेटत्या राहतात. थंडीत मेंढपाळ शेकायला यायचे, गरोदर बायका मुलगा व्हावा म्हणून नवस बोलायला यायच्या. १९२७च्या ऑक्टोबरात इथं विहीर खोदताना तेल असं उसळलं, की ते आवरता आवरता नाकी नऊ आले. त्या दिवसापासून किरकुकच्या मागं जे राजकारण लागलं, ते आजतागायत.

कुर्द, तुर्कमेन, अरब, सगळेच म्हणतात, शहर आमचं. सद्दाम हुसेननं कुर्दांना हुसकावून तिथं अरब वसवले. २००५च्या राज्यघटनेत त्यावर १४०वं कलम आलं: आधी हाकललेल्यांना परत आणा, मग जनगणना, मग सार्वमत. मुदत २००७ अखेर. मुदत टळली, सार्वमत झालंच नाही.

जून २०१४मध्ये आयसिसच्या धास्तीनं इराकी सैन्यानं काढता पाय घेतला आणि कुर्दांचे सैनिक, पेशमर्गा, शहरात शिरले. तीन वर्षं मांड पक्की होती. मग २५ सप्टेंबर २०१७ला इराकी कुर्दिस्तानचे अध्यक्ष मसूद बारझानींनी कुर्दिस्तानच्या स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतलं, आणि त्यात वादातलं किरकुकही ओढलं. ९२ टक्क्यांहून जास्त कौल मिळाला खरा. पण बगदाद, तेहरान, अंकारा, तिन्ही एकदम खवळली. अमेरिकेनंही आधीच नको म्हटलं होतं. इतकी घाई नडणारच होती.

१५ ऑक्टोबरच्या रात्री इराकचे पंतप्रधान हैदर अल-अबादींच्या हुकमानं फौजा निघाल्या. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, विमानतळ, के-वन लष्करी तळ आणि तेलक्षेत्रं पडली. गव्हर्नरांच्या कचेरीवरचा कुर्दी झेंडाही उतरला. काही ठिकाणी चकमकी झडल्या, पण मोठी लढाई झालीच नाही. कारण कुर्दांचं घरच फुटलेलं होतं. बारझानींच्या प्रतिस्पर्धी कुर्दी पक्षाचे नेते जलाल तालाबानी ३ ऑक्टोबरला वारले होते, आणि त्यांच्या पक्षाच्या एका गटानं मोर्चे सोडून दिले. बारझानींच्या पक्षानं त्याला फितुरी म्हटलं. पलीकडचे म्हणाले, आम्ही रक्तपात टाळला. मला विचाराल, तर फितुरीचा शिक्का मारणाऱ्यांनी आधी सार्वमताचा हिशेब द्यायला हवा होता.

त्या दिवशी एर्बिल आणि सुलेमानियाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पळणाऱ्या कुर्द कुटुंबांच्या गाड्यांची रीघ लागली होती. शहरात मात्र काही तुर्कमेन आणि अरब लोक जल्लोष करत होते.

बारझानी १ नोव्हेंबरला कुर्दिस्तानच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले. १४०वं कलम राज्यघटनेत आहे तिथंच आहे. २०१९मध्ये इराकच्या सर्वोच्च संघीय न्यायालयानं ते अजून लागू असल्याचा निर्वाळाही दिला.