शीड, वल्हे आणि वही
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



शाळा साठ वर्षांची झाली की तिच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी सेवानिवृत्त झालेले असतात. तेलीबांधा तलावाला पहाटे फेरी घालणाऱ्यांत अशी जोडपी रोज दिसतात. पायांत बूट, हातात मोबाइल आणि मनात एकच हिशेब : आज किती पावले झाली? शेजारी पाणी असते. एखादा पाणकावळा खांबावर पंख पसरून ते वाळवत बसलेला असतो. कुणाची पावले त्याच्यासाठी थांबतातच असे नाही. आजचे विवेचन या जोडप्यांसाठी आहे.

निवृत्तीनंतर शिडाच्या होडीत संसार थाटून किनाऱ्याकिनाऱ्याने पशुपक्षी पाहत फिरणारी जोडपी जगात पुष्कळ आहेत. त्यांना ज्यांचे उदाहरण आदर्शवत वाटावे असे एक दांपत्य म्हणजे टिम आणि पॉलीन कार. रूढ अर्थाने ते सेवानिवृत्त नव्हते. नोकरीच्या चाकोरीतून त्यांनी लवकरच अंग काढून घेतले होते. त्यांची ‘कर्ल्यू’ ही होडी १८९८ साली इंग्लंडमधील फालमथ येथे बांधलेली, लांबी जेमतेम २८ फूट. ‘कर्ल्यू’ हे लांब, वाकड्या चोचीच्या एका किनारपक्ष्याचेच नाव. या होडीला इंजिन नव्हते. वारा असेल तर शीड, नसेल तर वल्हे.

१९९२ साली हे दोघे दक्षिण अटलांटिक महासागरातील साउथ जॉर्जिया या बर्फाळ बेटावर पोचले आणि दशकाहून अधिक काळ तिथेच राहिले. ग्रिटव्हिकेन येथील देवमासे मारण्याच्या जुन्या, बंद पडलेल्या तळावर एक संग्रहालय होते. त्याची देखभाल ते करीत आणि सवड मिळेल तेव्हा होडी घेऊन बेटाच्या खाड्यांमध्ये शिरत. राजपेंग्विनांच्या वसाहती, वाळूवर लोळणारे अजस्र हत्ती-सील, कड्यांवर घरटी करणारे अल्बट्रॉस हा त्यांचा शेजार होता. या सहवासावरचे त्यांचे पुस्तक १९९८ साली प्रसिद्ध झाले.

इंजिन नसण्याचा लाभ इथे ध्यानात घ्यावा. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि फार दूरवर पोचतो. यंत्राची घरघर देवमाशांच्या परस्परसंवादात व्यत्यय आणते, काठावरच्या पक्ष्यांना उडवून लावते. शिडाची होडी मात्र वाऱ्याच्या चालीने येते. तिला घाई करता येत नाही, म्हणून ती भीती घालत नाही. वारा पडला की तिच्यातल्या माणसांना थांबावेच लागते, आणि जे दिसायचे ते बहुधा त्या थांबण्यात दिसते.

परंतु नुसते पाहणे पुरेसे नसते, हे त्याच बेटावरच्या दुसऱ्या एका दांपत्याने दाखवून दिले. जेरोम आणि सॅली पॉन्से हे ‘दामियाँ द्वितीय’ या शिडाच्या नौकेतून त्या दक्षिण समुद्रांत वावरत. सॅलीबाई पाहत आणि मोजतही. भटक्या अल्बट्रॉसच्या पंखांचा विस्तार साडेतीन मीटरपर्यंत जातो. नर-मादी बहुधा जन्माची जोडी बांधतात आणि दोन वर्षांतून एकदा, एकच अंडे घालतात. अशा पक्ष्यांची संख्या घटू लागली तर ती भरून यायला पिढ्या लागतात. १९८४ साली या बेटावर त्यांच्या वीण करणाऱ्या जोड्यांची गणना झाली होती. ज्या गणनेच्या अहवालावर सॅलीबाईंचे नाव पहिले आहे, त्या २००३-०४ च्या गणनेत ही संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली. मासेमारीच्या मैलोगणती लांब दोरांवरील आमिष गिळताना हे पक्षी गळाला अडकून बुडत होते. साउथ जॉर्जियाच्या पाण्यात रात्रीच दोर सोडणे, पक्ष्यांना हुसकावणाऱ्या फिती लावणे, उन्हाळ्यात मासेमारी बंद ठेवणे असे नियम लागू झाले आणि तिथले मृत्यू जवळजवळ थांबले. दूरच्या समुद्रांतला धोका मात्र अद्याप टळलेला नाही. १९८४ चा आकडा कागदावर नसता, तर वीस वर्षांत किती हरवले हे कुणाला सांगता आले असते?

हा प्रश्न घेऊन तेलीबांध्याच्या काठी परतावे. ‘बांधा’ म्हणजे बांध घालून अडवलेले पाणी. छत्तीसगढी लोकपरंपरेत एकेका गावच्या सहा कोडी सहा, म्हणजे १२६ तलावांचे कौतुक येते. महाराष्ट्राच्या बाजूला, गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या नावातही हाच बांध आहे. तो विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे सांगतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे होते. माधवराव पाटील डोंगरवार या जाणत्या गावकऱ्याकडून ते ते रान आणि ते पाणी वाचायला शिकले. ढीवर, गोंड, गुराखी यांच्या तोंडची पक्ष्यांची नावे त्यांनी टिपली आणि पुढे त्यांतून ‘पक्षिकोश’ सिद्ध झाला. निवृत्तीनंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात ते गेले. त्यांच्या वह्या नसत्या तर ती कितीतरी नावे म्हाताऱ्या माणसांबरोबरच गेली असती.

तेलीबांध्याचा काठ या साठ वर्षांत ओळखू येणार नाही इतका पालटला. आता त्याला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. फरसबंद वाट आहे, दिवे आहेत, उंच राष्ट्रध्वज आहे, संध्याकाळी मुलांची गर्दी आहे. हे वाईट झाले असे नव्हे. पण त्या काठी पूर्वी कोणते पक्षी उतरत, कोणत्या महिन्यात येत, कधीपासून दिसेनासे झाले, हे विचारले तर वडीलधारी माणसे आठवणी सांगतात. तारीख कुणी सांगत नाही. आठवण प्रेमळ असते, पण ती पुरावा होत नाही.

म्हणून निवृत्त जोडप्यांपुढे एक साधा प्रस्ताव आहे. होडी नसली तरी चालेल. होडीची चाल अंगी बाणवावी. आठवड्यातून एक सकाळ, एकच जागा, अर्धा तास. एकाने दुर्बीण धरावी, दुसऱ्याने वही. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, पक्षी आणि संख्या एवढेच लिहावे. पक्ष्याने चरणे थांबवून मान उंचावली की समजावे, आपण फार जवळ आलो; तिथूनच मागे फिरावे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चाललेल्या या कामात हौशी माणसांच्या नोंदींना मान आहे.

सहल काढायची तर बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदाचे तलाव हिवाळी पाहुण्यांसाठी प्रसिद्ध आहेत. कोरबा जिल्ह्यातील कनकी गावी पावसाच्या तोंडावर उघड्या चोचीचे करकोचे येतात. ते गोगलगायी खातात. गावकरी त्यांना पावसाचे दूत मानतात आणि दारच्या झाडांवरची त्यांची घरटी जपतात. कमळाने भरलेल्या एखाद्या खेड्यातल्या तरियावर कमळपक्षी पाहावा. त्याची मादी अंडी घालून निघून जाते. पानावर बसून ती उबवतो तो नर. असे दृश्य नातवंडांना दाखवावे. आजोबांच्या घरकामाविषयीचे प्रश्न मग आपोआप निघतात!

पालकहो, वहीत नोंद करण्याचे काम मुलांकडे द्यावे. अक्षर सुधारेल, मराठी नावे ओठांवर राहतील आणि आजी-आजोबांचा हात धरून अर्धा तास गप्प बसण्याची सवय लागेल. ती सवय कोणत्याही शिकवणीत मिळत नाही.

शाळेच्या शताब्दीला चाळीस वर्षे आहेत. त्या दिवशी कुणी विचारील, तेलीबांध्यावर तेव्हा काय होते? उत्तर देणारी एक जीर्ण वही शाळेच्या कपाटात असावी. तिच्या पहिल्या पानावर या वर्षीची तारीख असावी आणि त्या तारखेपुढे लिहिलेले असावे : पाणकावळा, एक, पंख वाळवताना.