पात कोणती धरायची?



आमच्या अंजनगाव सुर्जीच्या शिवारात कपाशीचं निंदण बाया करतात, डवरणी माणसं करतात. वेचणी बायांची, फवारणी माणसांची. (आमच्याकडे पुरुषालाच ‘माणूस’ म्हणतात, त्यावर कधीतरी वेगळं बोलू.) बांधकामावर घमेलं उचलते ती रेजा, थापी धरतो तो मिस्त्री. मजुरीतही फरक, बाईची कमी. सकाळी मजूर जमले की जो तो न सांगता आपल्या घोळक्यात उभा राहतो. ज्याचं शरीर एक सांगतं आणि मन दुसरंच, त्यानं कोणत्या घोळक्यात जायचं? कोणती पात धरायची?

तृतीयपंथी म्हटलं की आपल्याला रेल्वेच्या डब्यातली टाळी तेवढी ऐकू येते. पण कष्टाचं काम करत आतल्या आत झगडणारी माणसंही आहेत. ती टाळी वाजवत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे ललित साळवे आठवा. 2010 साली ते महिला शिपाई म्हणून पोलिसांत लागले, तेव्हा नाव ललिता होतं. बंदोबस्त, पहारा, रात्रपाळी सगळं केलं. पुढे वैद्यकीय तपासणीत शरीरात वाय गुणसूत्र असल्याचं कळलं. 2017 मध्ये शस्त्रक्रियेसाठी त्यांनी रजा मागितली. खात्यानं नकार दिला, कारण भरती महिला म्हणून झाली होती आणि पुरुषांचे निकष वेगळे. ते उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर परवानगी मिळाली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. नोकरी टिकली. 2020 मध्ये त्यांचं लग्न झालं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आठ वर्षांच्या कामाबद्दल वाद नव्हताच. वाद रकान्याचा होता.

आणि साळव्यांच्या हातात निदान डॉक्टरांचा कागद होता. ज्याला फक्त मनातून ठाऊक आहे, त्यानं काय दाखवायचं? 15 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की आपली लिंगओळख माणूस स्वतः ठरवू शकतो, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. तरी 2022 च्या महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय होते. तिसरा मिळवायला पुन्हा कोर्टाचीच पायरी चढावी लागली.

मी कविता लिहितो, म्हणून व्याकरणाची एक गंमत सांगतो. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हटलं की मराठीत बोलणारा बाई की पुरुष ते लगेच कळतं. ‘मी करतो’, ‘मी करते’, तेच. पण ‘मी भिंत बांधली’, ‘मी कापूस वेचला’, ‘मी पंप दुरुस्त केला’? इथं क्रियापद भिंतीकडे, कापसाकडे, पंपाकडे बघतं, करणाऱ्याकडे नाही. घरातल्या माझ्या उर्दूतही असंच आहे. काम पुरं झालं की भाषा करणाऱ्याचं लिंग विचारत नाही. कामावर येताना आणि घरी जाताना मात्र विचारते.

घरी जाणं सोपं नाही, हे कोचीत दिसलं. 2017 मध्ये तिथल्या मेट्रोनं 23 तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या. देशभर कौतुक झालं. पण थोड्याच दिवसांत त्यांतल्या काहींनी काम सोडलं, कारण राहायला कोणी खोली देईना. लॉजचं भाडं पगाराला झेपेना. नेमणूकपत्र हातात होतं, पण पाठ टेकायला जागा नव्हती.

अंजनगावात, दर्यापुरात, अकोटात खोल्या भाड्यानं देणारे अनेक जण आता हे ऐकत असतील. असा एखादा वायरमन, अशी एखादी शिलाईकाम करणारी तुमच्या दाराशी पेटी घेऊन उभी राहिली, भाडं आगाऊ द्यायला तयार असली, तर तुम्ही आधी काय विचाराल?