सारवायला कोण?

(महिला गटांच्या मेळाव्यात एका वास्तुरचनाकार मैत्रिणीने केलेले भाषण. थोडे संपादन करून येथे देत आहोत.)



मला 'पर्यावरणपूरक घरं आणि स्त्रिया' या विषयावर बोलायला सांगितलंय. माती, बांबू, चुना, पेंढा यांची घरं बांधणं आणि तेच विद्यार्थ्यांना शिकवणं यात माझी तीसेक वर्षं गेली. शेतातून, रानातून येणारं आणि पुन्हा मातीत मिसळणारं साहित्य म्हणजे आता 'बायोबेस्ड मटेरियल'. आपल्या आज्या त्याला कूड आणि सारवण म्हणायच्या. पण मी आज माझ्या घरांचं कौतुक सांगायला आलेली नाही. एका बाईनं मला एक प्रश्न विचारला होता आणि त्या प्रश्नानं माझं काम बदललं. ते सांगायला आलेय.

मी शिकले ते १९८० च्या दशकात. वर्गात आम्ही मोजक्या मुली. पाच वर्षांत 'माती' हा शब्द आला तो फक्त पायाखालची जमीन किती वजन पेलेल, एवढ्यापुरता. भिंत विटेची, स्लॅब काँक्रीटचा. सुटीत कोकणात आजोळी जायचे तेव्हा कारवीच्या कुडाला आजी शेणमाती लिंपताना दिसायची. ते 'घरकाम' आणि मी शिकत होते ते 'शास्त्र'. या दोन्हींचा काही संबंध असेल असं मला पाच वर्षांत एकदाही वाटलं नाही. पहिल्या नोकरीत साहेबांनी सांगितलं, "साइटवर बाईमाणसाचं काम नाही. तुम्ही स्वैपाकघरांची ड्रॉइंग्ज बघा."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे आठ हजार माणसं गेली. मदत पथकाबरोबर मीही गेले होते. जाडजूड दगडी भिंती, आत मातीचा भराव, डोक्यावर मातीचं जड माळवद. भिंतीच्या दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. कितीतरी घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता आणि भिंती मात्र ढासळून माणसांवर पडल्या होत्या. तिथल्या बायका म्हणायच्या, "आता मातीचं नाव नको." त्यांना चूक कोण म्हणणार? मला मात्र पुढे समजलं की दोष एकट्या मातीचा नव्हता. वजन, आकार आणि बांधणीचा होता. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा मातीचे गोल, हलक्या छपराचे भुंगे बऱ्यापैकी तगून राहिले आणि त्यांच्याजवळची काँक्रीटची घरंही पडली. म्हणजे माती वाईट नाही तसं सिमेंट तारकही नाही. बांधायचं कसं हे ठाऊक हवं.

ते शिकायला मी हिंडले. त्रिवेंद्रमला लॉरी बेकर यांच्या इमारती पाहिल्या. विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवायची. विटा साधारण पाव हिश्श्यानं वाचतात, वर घर गार राहतं. धरमशालेजवळ मातीची घरं बांधणाऱ्या दीदी काँट्रॅक्टर यांच्याकडे तर वास्तुशास्त्राची पदवीही नव्हती. २०१९ साली त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला, २०२१ साली त्या गेल्या. पदवी नसताना एक बाई एवढं करू शकते, याचा मला फार आधार वाटला.

आता त्या प्रश्नाकडे येते. एका गावात बचत गटासाठी आम्ही सभागृह बांधलं. मातीच्या भिंती, बांबूचं छप्पर. उद्घाटनाला मी उत्साहात भाषण केलं. भिंत श्वास घेते, उन्हाळ्यात गारवा राहतो, सिमेंट वाचतं. शेवटी एक वयस्कर मावशी उठल्या. म्हणाल्या, "ताई, गार वाटतं हे खरंय. पण सारवायला कोण? तुम्ही येणार का दर आठवड्याला?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण रात्री झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी त्याच बायकांबरोबर हिशेब करायला बसले. जमीन आठवड्याला सारवायची, म्हणजे वर्षातून बावन्न वेळा. पावसाळ्यानंतर भिंतींची डागडुजी. दिवाळीआधी सगळं घर पुन्हा लिंपायचं. त्यासाठी खाणीतून माती खणून डोक्यावरून आणायची, शेण गोळा करायचं, पाणी भरायचं. गुडघे आणि कंबर जाते ती वेगळीच. मी सिमेंटच्या गोण्या किती वाचल्या ते मोजलं होतं. बाईचे दिवस मोजले नव्हते. ज्या घराची सगळी निगा एका बाईच्या फुकट श्रमावर चालते, त्याला टिकाऊ कसं म्हणायचं?

मग मी आराखडे बदलले. जोतं दगडाचं आणि दोन फूट उंच. छप्पर भिंतीच्या चांगलं बाहेर काढायचं, म्हणजे पावसाचा मारा भिंतीवर येत नाही. बाहेरून चुन्याचा गिलावा. मोरीत आणि चुलीजवळ शहाबादी फरशी. माती वापरायची ती जिथे पाणी लागत नाही तिथे. साध्याच गोष्टी आहेत. पण त्या सुचायला मला एका मावशींनी भर सभेत विचारावं लागलं.

पुढच्या एका कामावर दुसरा धडा मिळाला. मातीच्या गिलाव्याला सारखे तडे जात होते. गवंडी हैराण, मी हैराण. घमेली वाहणाऱ्या एका बाईनं चिखल बोटांत चोळला, वास घेतला आणि म्हणाली, "पेंढा अजून कुजला नाही. चार दिवस तुडवत ठेवा, थोडी वाळू घाला." तसं केलं आणि तडे थांबले. हजेरीपटावर त्या बाई होत्या 'बिगारी' आणि गवंड्याचा रोज त्यांच्या जवळजवळ दुप्पट. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता. पण बाईला गवंडी म्हणायचंच नाही, मग समान काम आलं कुठून? मी मुकादमाला म्हटलं, यांचं नाव कारागिरांत घाला. तो म्हणाला, "उद्या सगळ्याच मागतील." मी म्हटलं, मागू देत की! त्या कामापुरता त्यांना कारागिराचा रोज मिळाला. पुढच्या साइटवर दुसऱ्या मुकादमाकडे त्या पुन्हा बिगारी झाल्या. हे लपवण्यात अर्थ नाही.

बांबूचीही तीच गत. आपल्याकडचा मानवेल, कोकणातला माणगा ही बांधकामाला उत्तम जात. तीन-चार वर्षांचा बांबू पावसाळ्यानंतर तोडायचा, वाहत्या पाण्यात भिजवून त्यातला गोडवा काढायचा किंवा बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात ठेवायचा. मग भुंगा लागत नाही. बांबू खरं तर गवत, पण जंगलाबाहेर लावलेलाही कायद्यानं 'झाड' समजला जाई. ती दुरुस्ती व्हायला २०१७ साल उजाडलं. आणि बांबू कुठला चांगला, तो कसा फाडायचा, कामटी कशी काढायची हे कुणाला येतं? बुरूड समाजातल्या बायकांना. सुपं-टोपल्यांना भाव मिळत नाही, पण शहरात बांबूचा मांडव उभारला की त्याला 'डिझाइन' म्हणतात आणि नाव माझ्यासारखीचं लागतं. जातीनं लादलेलं काम ते हलकं आणि तेच पदवीवाल्यानं केलं की कला, हे आपण बोललंच पाहिजे.

मी शिकवायला लागले तेव्हा त्या मातीवाल्या बाईंना कार्यशाळेत शिकवायला बोलावलं. दोन दिवस त्यांनी मुलांना चिखल तुडवायला लावला. मातीचा गोळा उंचावरून टाकायचा. फुटून विखुरला तर वाळू जास्त, नुसता चपटा झाला तर चिकणमाती जास्त. मुलं हे विसरणार नाहीत. मानधनाच्या फॉर्मवर मात्र रकाना होता : पदवी. तो रिकामा, म्हणून ऑफिसनं त्यांना मजुरीच्या व्हाउचरवर पैसे दिले आणि त्या व्हाउचरवर सही माझी आहे. त्या वर्षी मी भांडले नाही. माझी नोकरी नवी होती. बाई काहीच बोलल्या नाहीत, पैसे मोजून पदराला बांधले. ती सही मला अजून बोचते. व्याख्यात्यांइतकं मानधन त्यांना मिळायला पुढे दोन वर्षं आणि पुष्कळ अर्ज लागले.

आता माझ्या विद्यार्थ्यांचा पहिला अभ्यास घर काढण्याचा नसतो. एका घरात आठवडाभर जायचं आणि लिहायचं : इथे पाणी कोण भरतं, झाडतं कोण, सारवतं कोण, दुपारी पाठ टेकायला जागा कुणाला आहे. त्यानंतर पेन्सिल हातात घ्यायची.

जगात माणसामुळे जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सुमारे आठ टक्के सिमेंटचा. चुनखडी भट्टीत तापवली की तिच्यातूनच तो निघतो. फक्त इंधन बदलून तो थांबत नाही. म्हणून मातीकडे, बांबूकडे वळलंच पाहिजे असं मी आजही म्हणते. पण तुमच्या गावात कुणी असं घर घेऊन आलं, मीसुद्धा आले, तरी तीन प्रश्न विचारा. सारवायला कोण? बांधणाऱ्या बाईला रोज किती? आणि घर कुणाच्या नावावर?

त्या मावशींचं घरकुल पुढे झालं. सिमेंटच्या ब्लॉकचं, शहाबादी फरशीचं. मागे एक खोली मातीची, बांबूच्या छपराची. मला म्हणाल्या, "उन्हाळ्यात तिथंच निजते. पण जमीन फरशीची ठेवलीय बरं का!"

मला मुळीच वाईट वाटलं नाही. हिशेब त्यांनी माझ्यापेक्षा नीट मांडला होता.