गोळी मनानं बंद करू नका

आम्ही उलव्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज अशा दुखण्याबद्दल बोलू, जे घरोघरी दार लावून बोललं जातं.

तरुण पोर एकाएकी घुमं होतं. कुणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात, घरच्यांवरच संशय येतो. याला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. हे बाहेरचं नाही, आजार आहे. गोळ्यांनी आवाज कमी होतात, झोप लागते. पण पुढे आई म्हणते, “पोर शांत झालं, पण मंद झालं. तीन वस्तू सांगितल्या तर एकच आणतं. गोळ्यांनीच डोकं गेलं.” आणि गोळ्या बंद होतात.

आईचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे. विसरणं, लक्ष न लागणं पुष्कळदा आजाराचंच असतं. पहिल्या गोळीआधीच अभ्यास मागे पडलेला असतो. मात्र डोस जास्त झाला तर सुस्ती येते, विचार मंदावतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नव्या रुग्णांचा अभ्यास झाला. सहा महिन्यांत, औषध घेणाऱ्यांचं ऐकलेलं लक्षात ठेवणं हे नुसती साधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा मागे पडलं. पण तिथे धोका कमी असलेलेच रुग्ण निवडले होते आणि सगळ्यांवर बारीक देखरेख होती. घरी कुणी तो प्रयोग करू नये.

अंग ताठरू नये, हात थरथरू नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळीही सोबत देतात. कामाची आहे, पण तिच्यानंही विसरायला होतं.

गोळ्या एकदम सोडल्या तर आजार उलटू शकतो. म्हणून वहीत लिहा: झोप किती, काय विसरलं, केव्हापासून. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा: डोस कमी होईल का? सोबतची गोळी अजून लागते का? दुसरं औषध चालेल का? कमी करायचं तर हळूहळू, त्यांच्या सल्ल्यानं. उपचारांची माहिती मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे. विचारायला लाजू नका. फोनवर बोलायचं तर टेलि-मानसचा नंबर १४४१६, मोफत, दिवसरात्र.

आणि पोराला मंद म्हणू नका. एका वेळी एकच काम सांगा, बाकीचं चिठ्ठीवर लिहून द्या. वेळ लागेल, लागू द्या.